विमानाच्या शेपटीतला दसरा

“गंज म्हणजे काय, सांगू? गंज म्हणजे आळशी माणसाच्या घरचा पाहुणा!”

हे वाक्य साईनाथ गोजरचं. ते त्याने टोकावड्याच्या नाक्यावर चहा पिताना ऐकवलं होतं, पिठाच्या गिरणीत ऐकवलं होतं, हळदीच्या मांडवात ऐकवलं होतं. एकदा तर कुणाच्या दहाव्याला माणसं नदीकाठी कावळ्याची वाट बघत गप्प उभी होती, तिथेही ऐकवलं! त्यानंतर कावळा बराच वेळ शिवला नाही म्हणतात.

पण साईनाथला बोलायचा अधिकार होता, हे मान्य केलं पाहिजे. मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या अलीकडे एक लांबलचक माळ लागतो. त्या माळावर एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये दोन माणसांचं एक छोटं विमान. शिकाऊ पोरं त्यावर विमान चालवायला शिकतात. क्लब आणि विमान दोन्ही शेखर सरांचं, आणि विमानाची देखभाल साईनाथची. आता ट्रॅक्टरचे मिस्त्री पंचक्रोशीत पैशाला पासरी, पण विमानाचा मिस्त्री एकच! रस्त्यातल्या म्हशीसुद्धा आपल्याला बाजू देतात असं साईनाथला वाटायचं. देत नसत, तो भाग वेगळा.

पावसाळाभर विमान शेडमध्येच असतं. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे भिंतीला बुरशी, पापडाला बुरशी, चपलेला बुरशी! तिथे विमानाची काय कथा? गेल्या वर्षी शेपटीच्या एका बिजागरीला गंज निघाला, तेव्हा शेखर सरांनी कपाळाला हात लावला होता. यंदा त्यांनी सरळ सांगून टाकलं.

“साईनाथ, दसऱ्यानंतर तपासणीला मॅडम येतायत. या वेळी गंज निघाला ना, तर मी विमान विकून मोकळा होणार. गिऱ्हाईक तयार आहे. मला आता हा ताप नको.”

साईनाथ हातातलं फडकं पिळायला लागला. विमान गेलं म्हणजे पुन्हा वाशिंद! पुन्हा तो खोक्यांचा कारखाना आणि दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी मारणं! तरुणपणातली किती वर्षं त्याने तिथे घालवली होती. कुणी नुसती चिकटपट्टी टर्र्कन ओढली तरी त्याच्या छातीत अजून धस्स व्हायचं.

“सर, यंदा गंज निघाला तर मिशी काढून देतो!” तो म्हणाला. मिशी मुळातच विरळ होती, पण शब्द तो शब्द.

आणि साईनाथ कामाला भिडला. श्रावण गेला, गणपती गेले, पितृपक्ष गेला, साईनाथ आपला विमानाच्या शेपटीत! गंज धरू नये म्हणून लावायचं एक खास तेल असतं, ते त्याने प्रत्येक केबलला, प्रत्येक कप्पीला, प्रत्येक बिजागरीला मायेने लावलं. बाळंतिणीलासुद्धा कुणी इतकं तेल लावत नसेल. घरी आला की हातांना तेल, शर्टाला तेल, आणि तोंडात विमान.

“आये, तुला काय वाटतं, विमानाचा जीव कशात असतो?” जेवताना तो आईला विचारायचा.

“नाकावरच्या पंख्यात,” लहानीबाई म्हणायची.

“चूक! पंखा, इंजिन, रंगबिंग सगळं दाखवायचं. खरा जीव शेपटीत! पायलटानं दांडी ओढली की आतली केबल ओढली जाते, शेपटीच्या मागचा फळीसारखा पट्टा हलतो न् विमान वर जातं. ती केबल कुजली, बिजागरी अडकली, की खेळ खलास! आमी सगळी सेवा करतो ती शेपटीतल्या त्या जिवाची.”

“असं हाय काय!” म्हणून लहानीबाई भाकरी मोडायची. मुलगा एवढं सांगतोय ते ती नीट लक्षात ठेवत होती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

बायको रेश्माचं मात्र वेगळंच चाललेलं असायचं.

“अहो, विमानाचा जीव राहू दे. न्हाणीच्या दाराची कडी गंजलीय, ती बघा आधी. लावली की निघत नाय, काढली की लागत नाय.”

“बघतो गो, उद्या बघतो.”

“तुमचा उद्या श्रावणापासून चाललाय.”

“एका कडीचं काय घेऊन बसलीस? तिथं माणसांच्या जिवाचा प्रश्न हाय!”

शेवटी न्हाणीत जाताना दाराला बाहेरून टॉवेल टाकायचा आणि आत कोणी आहे हे जगाला कळवायचं, अशी घरातली रीत पडून गेली.

दसरा उजाडला. रेश्मा पोरगी मनस्वीला घेऊन आटगावला माहेरी गेली होती, तिला आणायला साईनाथ मोटारसायकलवरून निघाला. आदल्या दिवशी त्याने विमानाच्या शेपटीची आणि पोटाखालची सगळी छोटी झाकणं उघडून ठेवली होती. आत वारा खेळावा, दमट राहू नये म्हणून. किक मारतो न मारतो तोच लहानीबाई ओट्यावर आली.

“साया, आज हत्यारांची पूजा. कोयता झाला, नांगर झाला, तुझी गाडी झाली. विमानाची नाय कराची?”

“कर की आये! विमान काय परकं हाय? फक्त पंख्यावर नारळ फोडू नको,” असं ओरडून साईनाथ धुरळा उडवत गेलासुद्धा.

लहानीबाईने मुलाचा शब्द पाळला. पंख्यावर नारळ फोडला नाही.

संध्याकाळी साईनाथ बायकोपोरीला घेऊन थेट शेडवरच उतरला. विमानाच्या नाकाला कुंकवाची उभी रेघ, गळ्यात झेंडूचा हार! त्याचा ऊर भरून आला.

“बघ रेश्मा, कसं नवरदेवागत दिसतंय!”

“दिसतंय खरं. पण मनस्वी झोपलीय खांद्यावर, लवकर आवरा.”

साईनाथने पटापट एकेक झाकण लावलं, स्क्रू आवळले. लावण्याआधी प्रत्येक झाकणातून टॉर्च मारून आत एक नजर टाकायची, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. पण आज त्याला वाटलं, आत काय बघायचं? आपलंच तेल, आपलाच हात! हातच्या कांकणाला आरसा कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाग्यश्री मॅडम आल्या. शिडशिडीत बांधा, आवाज हळू आणि चष्म्याआडचे डोळे अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखे. “चहा नंतर,” असं त्या म्हणाल्या तेव्हाच साईनाथने हातातला कप खाली ठेवला. शेखर सर हाताची घडी घालून भिंतीशी उभे राहिले. साईनाथचा मामा धाऊ, शेडचा राखणदार, दारात स्टूल टाकून बसला.

“मॅडम, गंज म्हणजे काय, सांगू?” साईनाथने सुरुवात केली.

“नको. शेपटीचा पट्टा पूर्ण खाली घ्या,” मॅडम म्हणाल्या.

केबलचा जो भाग एरवी कप्पीवर दडलेला असतो तो पट्टा हलवला की बाहेर येतो, आणि गंज लागला तर तिथेच लागतो. साईनाथने कॉकपिटमध्ये बसून दांडी ढकलली. मॅडमनी एक झाकण उघडलं, स्वच्छ पांढरं फडकं केबलवरून फिरवलं आणि बाहेर काढलं.

फडकं लाल झालं होतं! तांबूस, तपकिरी, दाट लाल!

साईनाथ कॉकपिटमधून उडी मारूनच खाली आला. “धूळ असेल मॅडम! आमची माती लाल हाय ना!”

“बंद शेडमध्ये, बंद झाकणाच्या आत, केबलवर तुमची माती?”

त्यांनी दुसरं झाकण उघडलं. तिथेही लाल. तिसरं उघडलं. तिथे बिजागरीवर लाल न् पिवळं! साईनाथने डोळे चोळले. आजवर त्याने गंज पुष्कळ पाहिला होता, पण एका रात्रीत मूळव्याधीसारखा उपटलेला असा गंज पाहिला नव्हता.

“असं कसं झालं? परवा तर आरशासारखं होतं!” तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

मॅडम वाकून शेपटीखाली बघत होत्या. पट्ट्याच्या आत पाणी साचू नये म्हणून खालून एक बारीक भोक ठेवलेलं असतं. त्या भोकातून एक थेंब टपकला. मग दुसरा.

“आत पाणी आहे,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“पाणी? अहो, मी तर शेडमध्ये तहान लागली तरी बाहेर जाऊन पितो!”

“आणि हे काय?”

जमिनीवरून मुंग्यांची एक लांब रांग विमानाच्या चाकावर चढली होती, तिथून पोटाखाली, तिथून शेपटीत. येणाऱ्या वेगळ्या, जाणाऱ्या वेगळ्या, शिस्तीत!

“मुंग्या म्हणजे… आमच्यात शुभ मानतात मॅडम,” साईनाथ म्हणाला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे मुंगीचा!

शेखर सरांनी एक लांब श्वास सोडला आणि खिशातून मोबाइल काढला. “हॅलो, हां, मी शेखर बोलतोय. त्या दिवशी तुम्ही विमानाबद्दल विचारत होतात ना… हो, विकायचं म्हणतोय. संध्याकाळपर्यंत नक्की सांगतो.”

साईनाथच्या कानात टर्र्र्र असा आवाज घुमला. चिकटपट्टी! आणि मग एकदम त्याला वाटलं, हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी डाव साधलाय! तो तरातरा दाराशी गेला.

“धाऊमामा! खरं सांग. काल मी नसताना शेडमध्ये कोणी परकं माणूस शिरलं होतं?”

“नाय बा,” धाऊ ठामपणे म्हणाला.

“नीट आठव!”

“देवाशप्पत! परकं एक बी नाय शिरलं.”

धाऊ खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि आताही तो अजिबात खोटं बोलत नव्हता. साईनाथ डोकं धरून खाली बसला. आपणच लावलेल्या तेलात काही भेसळ होती की काय? की रात्रंदिवस विमानाची तारीफ करून आपलीच दृष्ट लागली?

तिकडे मॅडम मुंग्यांपाशी उकिडव्या बसल्या होत्या.

“गोजर, इकडे या. ही मुंगी काय घेऊन चाललीय?”

“तांदळाचा दाणा, मॅडम.”

“कुठल्या रंगाचा?”

“लाल.”

मॅडमनी ते फडकं नाकाशी नेलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. “गंजाला कापराचा वास येतो का हो?”

साईनाथ काही बोलायच्या आत दारातून धाऊ घाईघाईने म्हणाला, “कापूर पेटवला नाय हां मॅडम! आत पेट्रोल हाय, कापूर पेटवू नको, मीच बोललो तिला. नुसता आत ठेवला.”

साईनाथ गर्रकन वळला.

“कोणाला बोललास?” साईनाथने विचारलं.

“ताईला.”

“कोण ताई?”

“आता कोण ताई म्हंजे? तुझी आय! मी टॉर्च धरला न् तिनं एकेका भोकात हात घालून सगळी पूजा केली. हात बारीक हाय ना तिचा, पार आतपर्यंत पोचला!”

“मामा! मी आता इचारलं ना, कोणी शिरलं होतं का म्हणून!”

“तू परकं इचारलंस. माझी बहीण परकी कधी झाली?”

मॅडमनी शेपटीच्या अगदी टोकाचं झाकण उघडलं आणि आत टॉर्च मारला. कप्पीच्या बाजूला झेंडूचं एक टपोरं फूल, त्याला बांधलेली भाताची लोंबी, शेजारी कुंकवाच्या अक्षता, गुळाचा खडा आणि कापराची वडी. केबलला ठिकठिकाणी हळद-कुंकवाची बोटं. आदल्या रात्री तेलात मुरून त्यांचा असा काही रंग झाला होता, की खऱ्या गंजाने लाजावं!

नेमकी त्याच वेळी लहानीबाई रेश्माला घेऊन शेडमध्ये आली. हातात झाकलेलं ताट होतं.

“पास झालं काय रे इमान?” तिने कौतुकाने विचारलं.

“आये!” साईनाथचा आवाज फाटला. “आये, काय केलंस हे? नारळाचं पाणी शेपटीत ओतलंस?”

“पंख्यावर नको बोललास, मग मी शेडच्या पायरीवर फोडला न् पाणी शेपटीला शिंपडलं. घरादाराला शिंपडतो तसं.”

“पण आत कशाला? नाकाला बोटभर कुंकू लावलंस तेवढं बास नव्हतं?”

लहानीबाईने ताट खाली ठेवलं आणि कमरेवर हात घेतले. “आता तूच सांग. रोज जेवताना मला कोण सांगतं, इमानाचा जीव शेपटीत हाय, बाकी सगळं दाखवायचं? मग मी पूजा जिवाची कराची का पत्र्याची?”

शेखर सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“आजी, तुमची भक्ती खरी,” त्या म्हणाल्या. “पण नारळाचं पाणी आणि गूळ राहिला असता ना, तर दिवाळीपर्यंत खरोखरचा गंज धरला असता. पुढच्या वर्षी पूजा बाहेरून करा. गोजर, सगळं पुसून काढा, धुवा, वाळवा आणि पुन्हा तेल द्या. मग मी पहिल्यापासून तपासणार.”

मग काय विचारता! साईनाथ शेपटीत, धाऊ टॉर्च घेऊन, रेश्मा फडकी पिळतेय, लहानीबाई मुंग्यांना वाट दाखवतेय. साईनाथ हातांना, तोंडाला, केसांना हळद-कुंकू फासून असा काही दिसत होता, की गावात गेला असता तर बायकांनी पायावर पाणी घातलं असतं. दुपार कलली तेव्हा मॅडमनी नवं पांढरं फडकं घेतलं आणि प्रत्येक केबलवरून फिरवलं. प्रत्येक कप्पी, प्रत्येक बिजागरी, टोकापासून टोकापर्यंत. फडकं पांढरंच्या पांढरं!

“एकसुद्धा तार खराब नाही,” मॅडम म्हणाल्या. “काम उत्तम केलंयत.”

साईनाथची छाती फुगायला लागली.

“फक्त एक सांगा. काल झाकणं लावताना आत बघितलंत?”

छाती जागच्या जागी बसली. “नाय मॅडम.”

“हं,” एवढंच मॅडम म्हणाल्या. शंभर शिव्या परवडल्या असत्या.

कागदावर दोन सह्या लागणार होत्या, एक मॅडमची आणि एक साईनाथची. शेखर सर म्हणाले, “दोन्ही सह्या झाल्या की मी त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो. तो फोनची वाट बघतोय.” पण लहानीबाई मध्ये पडली. “ही मॅडम सकाळपासून उपाशी हाय. आधी घरी चला, पुरणपोळी खा. सह्या काय पळून जातात?” आणि साईनाथकडे बघून म्हणाली, “तू आधी आंघोळ कर. असल्या हातांनी कागदाला शिवू नको.”

वरात घरी आली. मॅडम आणि सर ओट्यावर बसले. साईनाथ टॉवेल घेऊन परसातल्या न्हाणीत शिरला. आज त्याचा आनंद गगनात मावत नव्हता. वाशिंद टळलं! गंज हरला! पाहुण्यांसमोर दाराला टॉवेल टाकायची लाज नको म्हणून त्याने सगळा जोर लावून आतून कडी सारली. ती किर्र करून जाऊन बसली.

तांब्यामागून तांबे ओतून झाले. लाल पाणी जाऊन पांढरं आलं. साईनाथने कपडे घातले, केस पुसले आणि कडी ओढली.

कडी हलेना.

त्याने दोन्ही हातांनी ओढली. टॉवेल गुंडाळून ओढली. दाराला पाय लावून ओढली. कडी ढिम्म!

“काय हो, झालं नाय का?” बाहेरून रेश्माचा आवाज. “मॅडमना शेवटची एसटी गाठायचीय!”

“हां हां, आलोच!”

“साईनाथ,” शेखर सरांचा आवाज आला, “गिऱ्हाइकाचा फोन आलाय. काय सांगू त्याला?”

“नाय म्हणून सांगा सर! नाय म्हणून!”

“सही झाल्याशिवाय कसं सांगू? बाहेर ये ना!”

आत नुसती खडखड ऐकू आली. दार पत्र्याचं, त्यामुळे आवाज सगळ्या वाडीला. शेजारपाजारची माणसं परसात जमली.

“अहो गोजर, दार उघडत का नाही?” मॅडमनी विचारलं.

आतली खडखड थांबली. मग अगदी बारीक आवाज आला, “कडी… अडकलीय.”

“कशाने?”

आता काय सांगणार? पण त्याला उत्तर द्यावंच लागलं नाही. बाहेर रेश्मा पदराने हात पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं शांतपणे म्हणाली, “काय नाय हो मॅडम. आळशी माणसाच्या घरी पाहुणा आलाय!”

सगळं परस खदाखदा हसलं. मॅडमसुद्धा, दिवसभरात पहिल्यांदाच, तोंडावर रुमाल धरून हसल्या. शेवटी त्यांनी कागद आणि पेन दाराच्या फटीतून आत सरकवलं. बादली पालथी घालून, उकिडवं बसून, गंजाचा वैरी साईनाथ गोजर याने विमानात गंज नसल्याची सही केली! कागद फटीतून बाहेर आला. सरांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि “नाही, विकत नाही, विमान इथंच राहणार,” म्हणून सांगितलं. ते ऐकून साईनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. आत कोण बघतंय?

धाऊ घण आणायला धावला. तोवर लहानीबाई ताट घेऊन दाराशी आली.

“साया, घाबरू नको. मी बाहेरनं कडीच्या जागी हळद-कुंकू लावते. बाहेरनंच हां! मॅडमनी सांगितलंय.”

दार तोडावंच लागलं. ते पुन्हा बसवलं, पण नवी कडी अजून बसायची आहे. उद्या बसवतो, असं साईनाथ म्हणतो. नाक्यावर गंजाचा विषय निघाला की तो हल्ली चहाचे पैसे देऊन उठतो. आणि आंघोळीला गेला की आत कोणी आहे हे कळावं म्हणून मोठमोठ्याने आरत्या म्हणतो.